काडतूस भरण्याआधी : पाहणी, साठवण आणि ‘फुसक्या बारा’चा धोका

स्वसंरक्षणाचा परवाना असलेल्या नागरिकाच्या घरी रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल असले, तर ते बहुधा ‘बत्तीस’चे असते. नऊ मिलिमीटर आणि ‘.३८’ ही बोअर आपल्याकडे प्रतिबंधित वर्गात मोडत असल्याने सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला प्रामुख्याने .३२ बोअरच येते. हे शस्त्र वर्षानुवर्षे कपाटात असते. ते अधूनमधून पुसले जाते, त्याला तेल दिले जाते, नूतनीकरणाच्या वेळी ते अधिकाऱ्यांपुढे नेऊन दाखवले जाते. काडतुसांच्या डबीकडे मात्र क्वचितच कोणी निरखून पाहते. काडतुसे महाग, ती किती घ्यावीत याची मर्यादा परवान्यावर नोंदलेली, सरावाची सोय तुटपुंजी. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेली काडतुसे अनेक घरांत ‘जपून’ ठेवलेली आढळतात.

हे जपणेच पुढे घातक ठरू शकते. पोलादाची नळी नीट राखली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. काडतूस हे रसायनांनी भरलेले, एकदाच वापरायचे साधन आहे. त्यावर उष्णता, दमट हवा, तेल, हाताचा घाम आणि वारंवार भरण्या-काढण्याचे आघात यांचा परिणाम होत असतो, आणि हा परिणाम बऱ्याचदा डोळ्यांना दिसतो. पाहणारा हवा, एवढेच.

काडतुसाचे चार घटक

काडतुसाला बोलीभाषेत आपण ‘गोळी’ म्हणतो, पण गोळी हा त्याचा केवळ एक भाग आहे. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, पुंगळीच्या पोटात भरलेली धूरविरहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली शिशाची वा तांब्याचे आवरण असलेली गोळी, असे हे चार घटक. चाप ओढला की घोड्याची टोचणी टोपीवर आदळते, टोपीतील संवेदनशील मिश्रण पेट घेते, ती ठिणगी दारूला लागते आणि निर्माण झालेल्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. हे सारे सेकंदाच्या अत्यल्प अंशात घडते. या वेळी पुंगळी किंचित फुगून नळीच्या मागील घराला चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. म्हणजे नेमबाजाचा चेहरा आणि तो प्रचंड दाब यांच्यामध्ये पितळेची एक पातळ भिंत असते. पुंगळीवरील बारीकशा चिरेकडे दुर्लक्ष का करू नये, याचे उत्तर यातच आहे.

.२२ बोअरच्या काडतुसात वेगळी टोपी नसते. पुंगळीच्या कडेच्या आतच पेटणारे मिश्रण फिरवून भरलेले असते. २५ मीटर पिस्तूल प्रकारात हीच काडतुसे वापरतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात. कडेतील मिश्रण सर्वत्र सारखे पसरलेले नसेल तर असे काडतूस एखाद्या वेळी पेटत नाही, म्हणून.२२ मध्ये ‘न उडणे’ हा प्रकार तुलनेने अधिक आढळतो.

‘बत्तीस’ म्हणजे कोणते बत्तीस?

पाहणीतील पहिली गोष्ट दोषाची नव्हे, ओळखीची आहे. आणि माझ्या मते आपल्याकडील परवानाधारकांसाठी हीच सर्वांत महत्त्वाची आहे. ‘बत्तीस’ या एकाच नावाने दोन निराळी काडतुसे ओळखली जातात. रिव्हॉल्व्हरचे काडतूस ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’ या जातीचे. ते १८९६ साली अमेरिकेत आले. पिस्तुलाचे काडतूस ‘.३२ एसीपी’ या जातीचे. जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ साली त्याची रचना केली आणि युरोपात ते ‘७.६५ ब्राउनिंग’ म्हणून प्रसिद्ध आहे. कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्याचे रिव्हॉल्व्हर किंवा २०१४ साली बाजारात आलेले ‘निर्भीक’ यांना पहिल्या जातीचे काडतूस लागते. ‘अशनी’सारख्या पिस्तुलाला दुसऱ्या जातीचे.

दोन्ही शेजारी उभी केली की फरक लहान मुलालाही कळेल. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी सुमारे २३.४ मिलिमीटर लांब असते आणि तिच्या बुडाला ठळक बाहेर आलेली कडा असते. पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी सुमारे १७.३ मिलिमीटरचीच, कडा जेमतेम बाहेर आलेली आणि तिच्या वरच्या अंगाला एक खाच. पण ती शेजारी उभी केली जात नाहीत, तेव्हाच घोटाळा होतो. पिस्तुलाचे आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रात पुष्कळदा बसते. त्याची ती जेमतेम कडाही त्याला अडवून धरायला पुरेशी ठरते. बसले म्हणजे चालते, असा समज करून घेणे सोपे असते. प्रत्यक्षात अमेरिकी मानकांनुसार रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचा कमाल दाब दर चौरस इंचाला १५,००० पौंड, तर पिस्तुलाच्या काडतुसाचा २०,५०० पौंड आहे. म्हणजे जुन्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रावर त्याच्या मर्यादेपेक्षा तिसऱ्या हिश्शाहून अधिक जादा भार पडतो. एखाद्या वेळी काहीच होत नाही, आणि तोच अनुभव माणसाला पुढच्या वेळी निर्धास्त करतो.

म्हणून पुंगळीच्या बुडावरील अक्षरे वाचण्याची सवय लावावी. कारखान्याची खूण आणि काडतुसाची जात तिथे कोरलेली असते. पुष्कळदा वर्षही असते. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्याच्या काडतुसांवर ‘के. एफ.’ ही खूण दिसते. २०२१ च्या ऑक्टोबरपासून आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन हा कारखाना ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीकडे गेला आहे. त्यामुळे जुन्या व नव्या खोक्यांवरील नावे वेगळी दिसली तर गोंधळून जाऊ नये. शस्त्राच्या नळीवर लिहिलेली जात आणि काडतुसाच्या बुडावरची जात तंतोतंत जुळली पाहिजे. शंका राहिली, तर परवानाधारक विक्रेत्याला दोन्ही दाखवावे. कपाटात दोन्ही प्रकारची शस्त्रे असतील तर त्यांची काडतुसे एका डबीत कधीही ठेवू नयेत.

पाहणी कशी करावी

आधी शस्त्र रिकामे करावे, ते रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी आणि पाहणी होईपर्यंत ते दुसऱ्या खोलीत कुलूपबंद ठेवावे. घरात मुले असतील तर त्यांच्या झोपेची वेळ निवडावी. मेजावर फिक्या रंगाचे कोरडे सुती कापड पसरावे, दिवा जवळ घ्यावा, चाळिशीचा चष्मा असेल तो लावावा. देवघरातील समई, गॅसची शेगडी, पेटती सिगारेट यांच्या आसपास हे काम करू नये. प्रथम काडतुसे मोजून परवान्यावरील नोंदीशी संख्या ताडून पाहावी. नंतर एकेक काडतूस उचलून बुडापासून टोकापर्यंत सावकाश फिरवत पाहावे. पन्नास काडतुसांना अर्धा तास लागतो.

सर्वांत आधी टोपी. ती पुंगळीच्या बुडाशी समपातळीत किंवा किंचित आत असावी. बुडावरून बोटाचे टोक हलकेच फिरवले तर वर आलेली टोपी जाणवते. काडतूस काचेच्या सपाट तुकड्यावर अलगद उभे केले तर ते डुगडुगते. अशी टोपी रिव्हॉल्व्हरच्या चक्राला अडते, फिरताना मागच्या पोलादाला घासते. पिस्तुलात स्लाइडच्या आघाताने चाप न ओढताही पेट घेऊ शकते. टोपी वाकडी बसलेली, उलटी बसलेली किंवा मुळीच नसलेली काडतुसेही क्वचित सापडतात. टोपीवर टोचणीचा खळगा असेल, तर ते काडतूस एकदा मारले गेले होते आणि पेटले नव्हते, असा अर्थ होतो. अशी काडतुसे ‘पुन्हा एकदा प्रयत्न करू’ म्हणून डबीत परत टाकलेली असतात. ती ताबडतोब बाजूला काढावीत.

नंतर पुंगळी. तोंडाजवळ उभी चीर, मध्यभागी फुगवटा, खोल पोचा, वाकलेली कडा, बुडाच्या थोडे वर अंगभर फिरलेली चकचकीत रेषा, यांपैकी काहीही दिसले तर ते काडतूस बाद. नुसता रंग उतरलेले, तपकिरी झालेले पितळ घाबरण्यासारखे नसते. ते काळाच्या ओघात होतेच. परंतु हिरवट थर, म्हणजे जुन्या मराठीत ज्याला जंगाल म्हणतात तो, पुसल्यावर त्याखाली बारीक खड्डे दिसले तर धातू खाल्ला गेला आहे असे समजावे. चामड्याच्या पट्ट्यातील कप्प्यांत वर्षानुवर्षे खोचून ठेवलेल्या काडतुसांवर हा थर हमखास आढळतो, कारण कमावलेल्या चामड्यातील आम्ले आणि दमट हवा मिळून पितळ खातात. पट्टा मिरवण्यासाठी छान दिसतो. साठवणीसाठी तो वाईट.

शेवटी गोळी. ती पुंगळीच्या तोंडात घट्ट असावी. बोटांनी फिरवून पाहिल्यास फिरू नये, हलू नये. रिव्हॉल्व्हरमध्ये शेजारच्या घरातील बारांच्या धक्क्याने एखादी सैल गोळी पुढे सरकते आणि चक्र अडकते. पिस्तुलात याच्या नेमके उलट घडते, आणि ते अधिक वाईट. रोज रात्री पिस्तूल भरायचे, सकाळी रिकामे करायचे, आणि दर वेळी तेच वरचे काडतूस पुन्हा नळीत सारायचे, असा क्रम ठेवणारे पुष्कळ असतात. प्रत्येक वेळी त्या एकाच काडतुसाचे नाक नळीच्या उतारावर आदळते आणि गोळी केसभर आत दबते. पुंगळी आधीच लहान असते. गोळी आत गेली की दारूला मिळणारी जागा आणखी कमी होते आणि दाब एकदम चढतो. .३२ एसीपी काडतुसाची कमाल एकूण लांबी २५ मिलिमीटर, रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची ३२.५ मिलिमीटर. कारखान्यातून येणारी काडतुसे याहून थोडी कमी भरू शकतात. म्हणून त्याच खोक्यातील न वापरलेले काडतूस शेजारी उभे करून तुलना करणे हा उत्तम मार्ग. व्हर्नियर कॅलिपर असेल तर अधिक चांगले. आखूड झालेले काडतूस बाद समजावे. गोळी ओढून पूर्ववत करण्याचा खटाटोप करू नये.

शिशाच्या उघड्या गोळीवर पांढुरकी भुकटी जमलेली दिसते. ते शिशाचे क्षार असतात आणि ते विषारी असतात. पाहणीनंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

काही जण काडतुसे तराजूवर तोलून किंवा कानाशी हलवून त्यांत दारू आहे की नाही हे ठरवू पाहतात. या काडतुसातील दारू साधारण दीड दशांश ग्रॅमच्या आसपास असते, तर रिव्हॉल्व्हरची गोळी एकटीच सहा ग्रॅमच्या वर भरते. दोन गोळ्यांच्या वा दोन पुंगळ्यांच्या वजनातील नैसर्गिक फरकातच दारूचा अभाव लपून जातो. हलवण्याने तर काहीच सिद्ध होत नाही. दारू कमी भरली गेल्याचा दोष बाहेरून ओळखता येत नाही. तो कळतो बाराच्या वेळी, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे.

पावसाळा, गोठा आणि पितळ

पितळी पुंगळीवर भेगा पडण्याच्या एका प्रकाराला धातुशास्त्रात ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात. यातला ‘सीझन’ म्हणजे आपला पावसाळा. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेच्या ध्यानात आले की, पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या कोणताही आघात न होता तडकतात. कारण अनेक वर्षे उमगले नाही. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचा उलगडा केला: घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवताना धातूत उरलेला ताण, या तिघांच्या एकत्र येण्याने पितळ चिरत जाते. पुंगळी तयार करताना तिला योग्य उष्णता देऊन हा ताण काढून टाकणे, हा त्यावरचा कारखान्यातील उपाय.

ही केवळ इतिहासातील गंमत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कपाटातील कपड्यांनाही बुरशी येते. बागायतीच्या घरात गोठा, शेणखत, युरियाची पोती आणि काडतुसांची डबी एकाच पडवीत असणे अशक्य नाही. काच पुसण्याच्या काही द्रावणांत आणि पितळ उजळण्याच्या काही मलमांत अमोनिया असतो. ती काडतुसांना लावू नयेत. आमसुलाच्या वा चिंचेच्या कोळाने समई लखलखीत निघते, पण काडतुसावर हा प्रयोग करणे म्हणजे आम्ल आणि पाणी दोन्ही आपल्या हाताने आत सोडणे. काडतूस कोरड्या कापडाने पुसावे. त्याहून अधिक काही करू नये.

तेलाचेही तसेच. फवारणीचे पातळ तेल टोपीच्या कडेने आत झिरपते आणि पेटणारे मिश्रण निकामी करते. शस्त्राला तेल द्यायचे तर ते रिकामे करूनच द्यावे आणि पुन्हा भरण्यापूर्वी घरे कोरडी पुसावीत.

बार फुसका गेला तर

राजकारणाच्या बातम्यांत ‘फुसका बार’ हा शब्द आपण चेष्टेने वापरतो. शस्त्र हातात असताना तो शब्द गंभीर होतो. दारू नसलेल्या वा भिजलेल्या काडतुसात फक्त टोपी पेटते. तिच्या जोराने गोळी पुंगळीतून सुटते, पण नळीच्या मध्येच अडकून बसते. आवाज ‘फट्‌’ असा दबका येतो, हाताला धक्का जवळजवळ बसत नाही, पिस्तुलाची स्लाइड पुरती मागे येत नाही. घाबरलेला किंवा घाईत असलेला माणूस पुन्हा चाप ओढतो. दुसरी गोळी अडकलेल्या पहिल्या गोळीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते. बोटे आणि डोळे सर्वांत जवळ असतात.

म्हणून नियम असा: आवाज वा धक्का नेहमीपेक्षा वेगळा वाटला की बोट चापावरून काढायचे आणि त्या दिवसापुरते ते शस्त्र थांबवायचे. शस्त्राचे तोंड सुरक्षित दिशेला धरून थोडा वेळ थांबावे, मग शस्त्र पूर्ण रिकामे करावे आणि त्यानंतरच मागच्या बाजूने, बॅटरीच्या उजेडात, नळी आरपार मोकळी आहे का ते पाहावे. पुढून डोळा लावून कधीही पाहू नये. गोळी अडकली असेल तर सळईने ठोकून काढण्याचा उद्योग घरी न करता शस्त्र परवानाधारक कारागिराकडे न्यावे. ‘पुढच्या बाराने निघेल’ हा सल्ला देणाऱ्यापासून दूर राहावे.

अडकलेली गोळी न दिसण्याची किंमत काय असते, हे मार्च १९९३ च्या अखेरीस अमेरिकेतील विल्मिंग्टन येथे दिसले. ‘द क्रो’ या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी खऱ्या काडतुसांतील दारू काढून ‘डमी’ काडतुसे बनवली होती, पण टोपी जिवंतच राहिली. चाप ओढला गेला तेव्हा टोपीच्या जोराने एक गोळी रिव्हॉल्व्हरच्या नळीत शिरून अडकली आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी नसलेली, फक्त आवाज करणारी काडतुसे भरण्यात आली. त्यांतील दारूने अडकलेली गोळी खऱ्या गोळीसारखी बाहेर फेकली आणि अभिनेते ब्रँडन ली यांचा मृत्यू झाला. नळीत एकदा उजेड टाकून पाहिले असते तर हे टळले असते.

काडतूस मुळीच उडाले नाही, नुसता ‘टक्‌’ असा आवाज झाला, तर तो वेगळा प्रसंग. ते निकामी असू शकते. किंवा आतली ठिणगी धुमसत असून बार क्षणभर उशिरा होऊ शकतो. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून किमान तीस सेकंद तसेच धरून राहावे. काही नेमबाजी केंद्रांत पूर्ण एक मिनिटाचा नियम असतो. रिव्हॉल्व्हरधारकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पुन्हा चाप ओढला की चक्र फिरते आणि ते धुमसणारे काडतूस नळीसमोरून बाजूला जाते. तिथे ते उडाले तर गोळीला जायला वाटच नसते. आणीबाणीत जीव वाचवण्यासाठी दुसरा बार करावा लागणे निराळे. सरावात मात्र थांबणेच योग्य. पिस्तुलात प्रतीक्षेनंतर प्रथम मॅगझिन काढावे, मग स्लाइड ओढावी, आणि काडतूस बाहेर पडणाऱ्या झरोक्यावर हाताचा पंजा धरू नये.

खरे आणि खोटे काडतूस

सरावासाठी ‘डमी’ काडतुसे वापरली जातात. त्यांची ओळख पटण्यासाठी पुंगळीला बाजूने छिद्र असते, टोपीची जागा रिकामी असते, किंवा आत छोटा छर्रा ठेवलेला असतो आणि तो हलवल्यावर खुळखुळतो. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिको येथे ‘रस्ट’ चित्रपटाच्या तालमीत छायालेखिका हलिना हचिन्स मृत्युमुखी पडल्या, त्या वेळी डमी म्हणून भरलेल्या काडतुसांत एक जिवंत काडतूस होते. प्रत्येक काडतूस हलवून व निरखून पाहण्याचे काम ज्या शस्त्रपर्यवेक्षिकेकडे होते, तिला २०२४ साली सदोष मनुष्यवधाच्या आरोपात दोषी ठरवून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. घरच्या पातळीवर धडा सोपा आहे: डमी आणि जिवंत काडतूस एका खोलीत एकाच वेळी नसावे.

साठवण

मूळ खोके टाकून देऊ नये. त्यावर तुकडीचा क्रमांक असतो आणि एखाद्या काडतुसात दोष निघाला तर त्याच तुकडीतील बाकीची वेगळी काढता येतात. खोक्यावर खरेदीची तारीख लिहावी. खोके घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या वा जाड प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर त्या पुड्या बदलाव्यात. कौलांखालचा माळा, पत्र्याची खोली, उन्हात उभी राहणारी मोटार या जागा वर्ज्य. धूरविरहित दारू उष्णतेने हळूहळू विघटित होते. डबा उघडताच आंबूस, तिखट वास आला किंवा तांबूस भुकटी दिसली तर ती सारी काडतुसे बाद समजावीत. शस्त्र आणि काडतुसे दोन स्वतंत्र कुलपांत असावीत. घराला आग लागली तर बंदुकीबाहेरची काडतुसे तडतड फुटतात. नळी नसल्याने गोळीला पुरता वेग मिळत नाही, पण पितळेचे तुकडे डोळ्यांना इजा करू शकतात. अग्निशमन दलाच्या जवानांना त्यांची जागा आधीच सांगावी.

निवडणुकीच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानुसार शस्त्रे जमा करावी लागतात. काडतुसेही सोबत दिली असतील तर पावतीवर त्यांची संख्या व जात नोंदवून घ्यावी आणि परत मिळाल्यावर ती तशीच कपाटात न टाकता वर सांगितलेली पाहणी करावी.

बाद काडतुसांचे काय करावे?

विहिरीत, खाडीत, कचऱ्यात किंवा चुलीत ती टाकू नयेत. दिवाळीत वा लग्नाच्या वरातीत हवेत उडवून ‘संपवणे’ हा तर गुन्हाच आहे: २०१९ च्या दुरुस्तीनंतर, इतरांच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने आनंदोत्सवात गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवानगीविना काडतूस उघडणे, पुन्हा भरणे यांतही कायदा आड येतो आणि धोका तर आहेच. दोषी काडतुसे वेगळ्या डबीत, ‘बाद’ अशी चिठ्ठी लावून ठेवावीत आणि ज्या परवानाधारक विक्रेत्याकडून घेतली त्याच्याकडे किंवा पोलीस ठाण्यात लेखी अर्जासह सुपूर्द करावीत. परवान्यावरील संख्येत तशी नोंद करून घेतली नाही, तर पुढच्या तपासणीत कमी भरलेल्या काडतुसांचा हिशेब देणे अवघड जाते.

प्रवासाला निघण्यापूर्वी बॅगेचे कप्पे उलटून पाहावेत. एखादे विसरलेले काडतूस विमानतळावरील तपासणीत सापडले की चौकशी सुरू होते. ताबा हा जाणीवपूर्वक असला पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या प्रकरणात सांगितले आहे. पण ते न्यायालयात मांडण्याची वेळ येईपर्यंत विमान गेलेले असते.

सर्वाधिक पेच पडतो तो परवानाधारकाच्या निधनानंतर. वडिलांच्या कपाटात रिव्हॉल्व्हरच्या शेजारी जुनी डबी सापडते आणि मुलांना काय करावे ते सुचत नाही. परवाना वडिलांच्या नावाचा होता; मुलांना त्या आधारे शस्त्र वा काडतुसे बाळगता येत नाहीत. ती कोणी हाताळू नयेत, उडवून तर मुळीच पाहू नयेत. परवान्याची मुदत संपली, तो निलंबित वा रद्द झाला, अथवा अन्य कारणाने ताबा बेकायदेशीर ठरला, तर विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे किंवा विहित अटींवर परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र व दारूगोळा जमा करावा, असे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ मध्ये म्हटले आहे. वारसाला ते पुढे स्वतःच्या परवान्यावर घ्यायचे असेल तर त्याचा अर्ज नंतर करता येतो. डबी उचलण्याआधी पोलीस ठाण्याला दूरध्वनीने कळवावे, वडिलांचा मूळ परवाना व मृत्यूचा दाखला सोबत न्यावा, आणि परतताना शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची जात व संख्या स्पष्ट लिहिलेली पोचपावती घ्यावी.